पार्टी डिलीट होत नाही, किंवा डिलीट केली आणि बिलंच गेली

"ओ सर, एक पार्टी डिलीट होईना बघा. काय तर एरर येतंय, चौदाशे एक्कावन्न."

हा फोन मला साधारण दहा तारखेच्या आसपास येतो. अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायचा असतो, दिवाणजी याद्या जुळवत बसलेले असतात, आणि जुळवता जुळवता त्यांना एकच पार्टी दोनदा दिसते. एकदा 'टेक्सटाइल', एकदा 'टेक्सटाईल्स'. सोलापुरात हे जरा जास्तच होतं, कारण इथली नावं मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन तोंडांतून जातात आणि शेवटी कीबोर्डवर इंग्रजी स्पेलिंगात उतरतात. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याने एक स्पेलिंग लिहिलं, चलन करणाऱ्याने दुसरं. दोनातली एक काढून टाकावी असं कुणालाही वाटेल.

दुसरा फोन क्वचित येतो, पण तो आला की हातातलं काम टाकून निघावं लागतं. "सर, बिलं दिसेनात. मागच्या सालची सगळी."

हे दोन वेगळे बिघाड वाटतात, पण मूळ एकच. आणि मी आजवर जे पाहिलं त्यात दुसरा बिघाड बहुतेक वेळा पहिल्याची चुकीची दुरुस्ती केल्यामुळेच झालेला होता. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो. उदाहरणं मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण इथल्या छोट्या कारखान्यांत आणि पेठांतल्या दुकानांत मला तोच जास्त भेटतो. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

नेमकं काय झालं होतं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना. त्यांच्या डेटाबेसमध्ये चार टेबलं महत्त्वाची: पार्टी, बिल, बिल_ओळ (बिलातला एकेक माल) आणि पावती (आलेले पैसे). बिलात पार्टी_आयडी, बिल_ओळीत बिल_आयडी, पावतीत पुन्हा पार्टी_आयडी. दिवाणजींना १४५१ची एरर आली, तेव्हा सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाने सगळ्या फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्याच्या ओळीशी बांधणारे नियम) काढल्या आणि 'ऑन डिलीट कॅस्केड' (वरची ओळ गेली की खालच्याही जातात) लावून परत घातल्या. एरर गेली. सगळे खूश.

पुढे दिवाळीनंतर कधीतरी दिवाणजींनी दुहेरी पार्टीतली एक डिलीट केली. स्क्रीनवर आलं, '१ ओळ डिलीट झाली'. काढायची होती ती नवी, रिकामी. निघाली ती जुनी, खरी. तिच्यासोबत तिची जवळपास तीन वर्षांची बिलं गेली, बिलांच्या ओळी गेल्या, पावत्या गेल्या. कुणालाही काही कळलं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ती पार्टी गावात आली, हिशेब बघायला कारखान्यावर बसली, आणि खातं उघडलं तर त्यात काहीच नाही. समोर गिऱ्हाईक, मागे कोरी खतावणी. त्या दिवाणजींचा चेहरा मी विसरलेलो नाही. तीस वर्षं हाताने वह्या लिहिलेला माणूस, एक पानही कधी हरवू न दिलेला. चूक त्यांची नव्हती. समोरच्या यंत्राने त्यांना 'एकच ओळ गेली' असं सांगितलं होतं.

ते 'एकच ओळ' का म्हणालं? मायएसक्यूएल किती ओळी गेल्या याचा आकडा देताना फक्त ज्या टेबलावर तुम्ही डिलीट चालवलं त्याच्या ओळी मोजतं. कॅस्केडने खालच्या टेबलांतून जे जातं ते त्या आकड्यात येत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही तसंच, 'डिलीट १' एवढंच दिसतं. त्यात आणखी भर म्हणजे मायएसक्यूएल ५.७ आणि ८.० दोन्हींत कॅस्केडने गेलेल्या ओळींवर ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत. त्या कारखान्यात 'कोणी काय डिलीट केलं' हे नोंदवायला पार्टी आणि बिल दोन्ही टेबलांवर ट्रिगर होते. बिलांवरचा कधी वाजलाच नाही. नोंदवहीत पार्टीची एक नोंद, बिलांची शून्य.

१४५१ म्हणजे बिघाड नव्हे

फॉरेन की ही कल्पना एडगर कॉड यांच्या १९७० च्या रिलेशनल मॉडेलवरच्या लेखातली. ते तेव्हा आयबीएममध्ये होते. म्हणणं साधं आहे: एका टेबलात दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा क्रमांक लिहिला असेल, तर त्या क्रमांकाची ओळ तिथे खरोखर असली पाहिजे. बिलावर पार्टी ४७ लिहिलं असेल तर पार्टी टेबलात ४७ हवीच. ४७ नसताना बिल घालू गेलात तर १४५२. बिलं असताना ४७ काढू गेलात तर १४५१.

म्हणजे १४५१ हा डेटाबेसचा निरोप असतो: "मालक, या पार्टीच्या नावावर अजून बिलं आहेत, तिला काढलं तर ती कुणाच्या नावावर ठेवू?" हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर धंद्याने द्यायचं आहे, प्रोग्रामरने नव्हे. एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात उत्तरं आधीच ठरवून ठेवायची सोय आली: सोबत पोराबाळांसकट काढ (कॅस्केड), नाव पुसून रिकामं ठेव (सेट नल), ठरलेल्या नावावर टाक (सेट डिफॉल्ट), किंवा काढूच देऊ नको (नो अॅक्शन). त्याच अर्थाचा रिस्ट्रिक्ट हा शब्द नंतर, १९९९ च्या मानकात आला. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (टेबलं सांभाळणाऱ्या इंजिनात) रिस्ट्रिक्ट आणि नो अॅक्शन यांत फरक नाही, आणि सेट डिफॉल्ट तर तो स्वीकारतच नाही. काहीच लिहिलं नाही तर नो अॅक्शन धरलं जातं. म्हणजे विचार न करता बनवलेला डेटाबेस सुरक्षित बाजूला असतो. धोका पुढे, एररचा राग आला की सुरू होतो.

आधी बघा, मग हात लावा

सध्या कोणता नियम लागू आहे हे अंदाजाने सांगू नका. मी अनेकदा असं ऐकलंय की "आमच्यात कॅस्केड नाही", आणि उघडून पाहिलं तर असतं. हे चालवा:

सिलेक्ट टेबल_नेम, कन्स्ट्रेंट_नेम, डिलीट_रूल
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स
व्हेअर कन्स्ट्रेंट_स्कीमा = 'डेटाबेसचं नाव'
अँड रेफरन्स्ड_टेबल_नेम = 'पार्टी';

पार्टीकडे बोट दाखवणारी सगळी टेबलं आणि प्रत्येकाचा नियम यातून समोर येतो. मग त्या प्रत्येक टेबलाचं नाव शेवटच्या ओळीत घालून पुन्हा चालवा, कारण साखळी लांब असते: पार्टीखाली बिल, बिलाखाली ओळी, ओळींखाली परत आलेला माल. कागदावर काढा. बाण काढा. बाणावर नियम लिहा. दहा मिनिटं लागतात, आणि हा कागद पुढे कित्येकदा उपयोगी पडतो.

नियम कळले तरी आकडा कळत नाही, म्हणून दुसरी पायरी. कामाच्या डेटाबेसवर नव्हे, त्याच्या प्रतीवर:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम बिल;
डिलीट फ्रॉम पार्टी व्हेअर पार्टी_आयडी = ४७;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम बिल;
रोलबॅक;

दोन आकड्यांतला फरक म्हणजे खरं नुकसान. स्क्रीन 'एक ओळ' म्हणते तेव्हा ही मोजणी खरं सांगते. पण स्टार्ट ट्रान्झॅक्शन आणि रोलबॅक यांच्या मध्ये ऑल्टर टेबलसारखी आज्ञा घालू नका. मायएसक्यूएल ती आली की आधीचं सगळं पक्कं करून टाकतं आणि मग रोलबॅकला मागे घेण्यासारखं काही उरत नाही.

कॅस्केड कुठे बरोबर आहे

वरचं वाचून कुणी सगळीकडचा कॅस्केड उपटून काढेल, तेही नको. मी स्वतः कॅस्केड वापरतो. फक्त एक प्रश्न विचारून: ही ओळ एकटी राहिली तर तिला काही अर्थ उरतो का?

बिल_ओळ घ्या. 'टॉवेल, ३० बाय ६०, १० डझन.' बिल नसेल तर ही ओळ कोणाला, कधी, कोणत्या भावाने, काहीच सांगत नाही. ती बिलाचाच तुकडा आहे. कच्चं बिल रद्द करून काढलं तर ओळींनीही जायलाच हवं; त्या मागे राहिल्या तर पुढे मालाच्या अहवालात भलतेच आकडे येतात. इथे कॅस्केड योग्य.

बिल घ्या. पार्टीची नोंद काढली तरी माल गेलाय, कर भरलाय, ट्रान्सपोर्टची पावती कपाटात आहे. बिल ही घडलेली गोष्ट आहे. ती पार्टीचा तुकडा नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. तेव्हा पार्टी ते बिल या बाणावर कॅस्केड लिहिणं म्हणजे कायद्याने जपायला सांगितलेली गोष्ट एका क्लिकच्या भरवशावर टाकणं. तिथे रिस्ट्रिक्ट. पावतीवरही रिस्ट्रिक्ट. बिल_ओळ ते माल या बाणावरही रिस्ट्रिक्ट, कारण एखादं डिझाइन बंद झालं म्हणून ज्या बिलांत ते विकलं गेलं त्यांतल्या ओळी उडून चालत नाहीत. एकाच बिल_ओळ टेबलाला दोन आई-बाप आहेत आणि दोघांशी तिचं नातं वेगळं आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सरसकट एकच नियम लावण्याची चूक इथूनच होते.

सर्वात अवघड दलालाचं. आपल्याकडे बाहेरगावचा बराच माल दलालामार्फत जातो. दलालाने काम सोडलं, त्याची नोंद काढायची आहे. बिलावर दलाल_आयडी आहे. सेट नल लावलं तर बिल राहतं, दलालाची जागा रिकामी होते. ऐकायला छान. पण वर्षअखेरीला त्याची राहिलेली दलाली काढायची असेल तर? कोणती बिलं त्याची होती हे आता कुठेच नाही. मी पूर्वी अशा ठिकाणी सेट नल सुचवायचो. आता सुचवत नाही. जिथे मागून पैशाचा हिशेब निघू शकतो, तिथे सेट नल हाही एक प्रकारचा डिलीटच आहे, फक्त तो आवाज करत नाही. सेट नल मी आता 'ही पार्टी कोणत्या प्रदर्शनात भेटली' असल्या नोंदींपुरता ठेवतो.

खरी गरज डिलीटची नसतेच

इथे थोडं थांबतो, कारण हा घोळ पुन्हा पुन्हा का येतो त्याचं उत्तर इथे आहे. दिवाणजी 'डिलीट' म्हणतात तेव्हा त्यांना जवळजवळ नेहमी दोनातलं एक हवं असतं: ही पार्टी यादीत दिसू नये, किंवा या दोन पार्ट्या एक व्हाव्यात. आपण त्यांना स्क्रीनवर एकच बटण दिलेलं असतं.

पहिल्याला औषध सोपं. पार्टी टेबलात 'चालू' नावाचा एक स्तंभ, १ किंवा ०. नवीन बिल करताना फक्त १ दाखवा, जुन्या अहवालात सगळ्या.

दुसऱ्याला विलीनीकरण म्हणतात, आणि ते असं करायचं. समजा १२ ठेवायची आहे, ४७ काढायची आहे.

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
अपडेट बिल सेट पार्टी_आयडी = १२ व्हेअर पार्टी_आयडी = ४७;
अपडेट पावती सेट पार्टी_आयडी = १२ व्हेअर पार्टी_आयडी = ४७;
डिलीट फ्रॉम पार्टी व्हेअर पार्टी_आयडी = ४७;
कमिट;

आता यातली गंमत बघा. समजा सुरुवातीची बाकी ठेवणारं आणखी एक टेबल आहे आणि तुम्ही ते विसरलात. नियम रिस्ट्रिक्ट असेल तर शेवटचं डिलीट १४५१ देऊन थांबेल, आणि एररच्या मजकुरात त्या टेबलाचं आणि कन्स्ट्रेंटचं (म्हणजे त्या फॉरेन कीच्या नियमाचं) नाव छापून येईल. "हे राहिलं बघा" असं ते बोट दाखवून सांगतं. तुम्ही त्या टेबलाची अपडेट चालवता, पुन्हा डिलीट, आता जातं. नियम कॅस्केड असेल तर विसरलेल्या टेबलातल्या ओळी निमूट जातात आणि बाकी चुकल्याचं मार्चनंतर कळतं. ज्या एररला लोक कंटाळतात तीच विलीनीकरणात तुमची तपासनीस असते. एवढ्या एका कारणासाठीही मी पैशाच्या टेबलांवर रिस्ट्रिक्टचाच आग्रह धरतो.

कन्स्ट्रेंटला नाव द्यायचा कंटाळा करू नका. 'बिल_आयबीएफके_१' असं आपोआप पडलेलं नाव फोनवर वाचून दाखवलं तर मला काही कळत नाही. 'एफके_बिल_पार्टी' वाचलं की लगेच कळतं.

आणि दुहेरी पार्टी मुळात होऊच नये म्हणून जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) युनिक नियम लावा, म्हणजे एकच क्रमांक दोनदा घालता येत नाही. तो १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. स्पेलिंग कितीही बदललं तरी जीएसटीआयएन बदलत नाही. दोन गोष्टी सांभाळा. एकाच मालकाची सोलापूरची नोंदणी २७ ने आणि हैदराबादची ३६ ने सुरू होते. त्या दोन खऱ्याच वेगळ्या नोंदी आहेत, त्यांना विलीन करू नका. आणि नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदारांसाठी तो रकाना नल (काहीच न भरलेला) ठेवा, रिकामी अक्षरमाळ नको. युनिक नियमाला कितीही नल चालतात, रिकामी अक्षरमाळ मात्र एकदाच चालते, आणि दुसऱ्या दुकानदाराला सॉफ्टवेअर घ्यायला नकार देतं.

'सेट फॉरेन_की_चेक्स = ०' हा उपाय नव्हे

१४५१वर इंटरनेटवर सगळ्यात सहज सापडणारा तोडगा हाच आहे. तपासणी बंद करा, डिलीट करा, तपासणी सुरू करा. पार्टी जाते, बिलं राहतात. पण ती बिलं आता ४७ नावाच्या अस्तित्वात नसलेल्या पार्टीच्या नावावर असतात. यादी काढताना बिल आणि पार्टी जोडून काढली जाते, त्यामुळे ती बिलं यादीत येत नाहीत, एकूण विक्रीच्या बेरजेत मात्र येतात. बेरीज आणि यादी जुळत नाही आणि दिवाणजी रात्री दहापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसतात.

लोकांचा एक मोठा गैरसमज इथे आहे: तपासणी परत १ केली की डेटाबेस जुन्या ओळी तपासेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. बंद असताना जे घुसलं किंवा अनाथ झालं ते तसंच राहतं. बॅकअपच्या फाइलमध्ये ही आज्ञा सुरुवातीलाच असते, आणि ती तिथे योग्य आहे, कारण टेबलं कोणत्या क्रमाने भरली जातील याची तिथे खात्री नसते. हाताने डिलीट करताना तिचं काही काम नाही.

अनाथ बिलं शोधायला:

सिलेक्ट ब.* फ्रॉम बिल ब
लेफ्ट जॉइन पार्टी प ऑन प.पार्टी_आयडी = ब.पार्टी_आयडी
व्हेअर ब.पार्टी_आयडी इज नॉट नल अँड प.पार्टी_आयडी इज नल;

फॉरेन की लिहिलेली असूनही अनाथ सापडत असतील आणि चेक्स कुणी बंद केले नसतील, तर टेबलाचं इंजिन बघा. मायआयसॅम (जुनं इंजिन) असेल तर तो फॉरेन कीची आज्ञा वाचतो आणि सोडून देतो, एरर न देता. मायएसक्यूएलमध्ये ५.५ पासून इनोडीबी हे आपोआप मिळणारं इंजिन झालं. त्याआधी उभारलेली टेबलं आणि त्यांच्या बॅकअपमधून पुढे आलेली टेबलं अजूनही मायआयसॅमवर असू शकतात. दुसरं कारण: फॉरेन की स्तंभाच्याच ओळीत 'रेफरन्सेस पार्टी' अशी लिहिली असेल तर मायएसक्यूएल ८.४ पर्यंत तीही गपचूप दुर्लक्षित होते. ती टेबलाच्या शेवटी 'फॉरेन की' असा शब्द वापरून स्वतंत्र लिहावी लागते. आणि दुकानातलं छोटं अॅप एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर असेल तर प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' द्यावं लागतं; नाहीतर तिथे तपासणी बंदच असते.

बिलं गेलीच असतील तर

सगळ्यात आधी बिलिंग थांबवा. संगणक बंद-चालू करून बघू नका. ५.७ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीत याला ठोस कारण आहे: तिथे पुढचा आयडी किती हे फक्त मेमरीत असतं, आणि सर्व्हर परत सुरू झाला की तो टेबलातला सर्वात मोठा आयडी बघून पुढचा ठरवतो. शेवटची बिलं डिलीट झाली असतील तर त्यांचे आयडी नव्या बिलांना परत दिले जातात, आणि मग जुनी बिलं परत आणताना दोघं एकाच क्रमांकावर भांडतात. ८.० मध्ये हा आकडा जपून ठेवला जातो.

मग लोक म्हणतात, बायनरी लॉग (मायएसक्यूएल बदल नोंदवत जातो ती फाइल) चालू आहे, त्यातून उलटं फिरवू. आम्हीही त्या कारखान्यात तेच पाहिलं. लॉगमध्ये पार्टी ४७च्या डिलीटची नोंद मिळाली, बिलांची एकही नाही. कॅस्केड हे इनोडीबी इंजिनच्या आत होतं, आणि ५.७ व ८.० मध्ये ते बायनरी लॉगपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे लॉगमधून गेलेल्या ओळी वाचून काढता येत नाहीत. लॉगचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो: जुना बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवायचा, आणि त्यावर डिलीटच्या एक क्षण आधीपर्यंतचा लॉग पुढे चालवायचा.

आमच्याकडे लॉग फक्त शेवटच्या काही दिवसांचा होता, त्यात डिलीटची वेळ मिळाली एवढंच. रोजचा बॅकअप रोज त्याच फाइलवर लिहिला जात होता, म्हणजे तोही निरुपयोगी. वाचवलं ते दिवाणजींनी. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करताना ते डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून वहीसोबत पूजेत ठेवतात आणि नंतर तिजोरीत. ती प्रत होती. ती आम्ही 'जुना' नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवली. कामाच्या डेटाबेसवर ती कधीही सरळ उतरवायची नाही, मधल्या महिन्यांची इतर पार्ट्यांची बिलं त्याखाली गाडली जातात. मग ओळी परत आणल्या, आणि यात क्रम महत्त्वाचा: आधी पार्टी, मग बिल, मग बिल_ओळ, मग पावती. आयडी जुनेच ठेवायचे. क्रम चुकला तर १४५२ येते. तेव्हा चेक्स बंद करायचा मोह होतो. करू नका, क्रम सुधारा. दिवाळी ते डिलीट या काळातली बिलं कार्बन प्रतींवरून हाताने घातली. दोन रात्री गेल्या. दिवाणजी एकेक आकडा वाचत होते, मी टाइप करत होतो, मालकांच्या घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी येत होती.

नियम बदलताना

फॉरेन कीचा नियम जागच्या जागी बदलता येत नाही. जुनी काढायची, नवी घालायची. त्याआधी वरचा अनाथ शोधणारा प्रश्न चालवा, कारण एक जरी अनाथ ओळ असली तर नवी की लागत नाही. ३७८० एरर आली तर दोन्ही स्तंभांचे प्रकार बघा. एकीकडे इंट आणि दुसरीकडे बिगइंट (मोठ्या आकड्यांचा प्रकार), किंवा एकच अनसाइन्ड (ऋण आकडे न घेणारा), असं असतं. नेमकं कारण कळेना तर 'शो एंजिन इनोडीबी स्टेटस' चालवून 'लेटेस्ट फॉरेन की एरर' हा भाग वाचा. मोठ्या टेबलांवर हे काम बिलिंग बंद झाल्यावरच करा.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इनोडीबी फॉरेन कीच्या स्तंभावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आपोआप बनवतो, पोस्टग्रेस बनवत नाही. पार्टी डिलीट करायला खूप वेळ लागत असेल तर बिल.पार्टी_आयडीवर इंडेक्स आहे का ते बघा. आणि 'ट्रंकेट ... कॅस्केड' ही आज्ञा 'ऑन डिलीट'चा नियम विचारात घेतच नाही. तुम्ही रिस्ट्रिक्ट लिहिलं असलं तरी ती फॉरेन कीने जोडलेली सगळी टेबलं अख्खी रिकामी करते. नाव एक, वागणं वेगळं.

जँगो (पायथनमधली वेब सॉफ्टवेअर बनवायची चौकट) वापरणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: "मॉडेलमध्ये कॅस्केड आहे, मग थेट डेटाबेसमध्ये डिलीट केलं तर एरर का?" कारण मॉडेलमधला तो कॅस्केड पायथनमध्ये चालतो, डेटाबेसला सांगितलेला नसतो. म्हणजे अॅडमिनमधून डिलीट केलं तर सगळं जातं, एसक्यूएलने केलं तर अडतं. अॅडमिन डिलीटआधी काय काय जाणार याची यादी दाखवतं. ती शेवटपर्यंत वाचा. पैशाच्या नात्यांवर मॉडेलमध्ये 'प्रोटेक्ट' (काढू न देणारा नियम) लिहा.

त्या कारखान्याच्या स्क्रीनवर आता डिलीटचं बटण नाही. 'बंद करा' आहे आणि 'दुसऱ्या पार्टीत मिळवा' आहे. मिळवण्याआधी दोन्ही पार्ट्यांच्या बिलांची संख्या आणि बाकी शेजारी शेजारी दिसते, आणि जिची बिलं जास्त तीच राहावी असं सॉफ्टवेअर स्वतः सुचवतं. बॅकअप तारखेच्या नावाने वेगळ्या फाइलमध्ये पडतो. आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला, विवरणपत्राच्या आधी, अनाथ शोधणारा तो प्रश्न प्रत्येक बाणासाठी आपोआप चालतो आणि त्याचा आकडा दिवाणजींच्या मोबाइलवर जातो. शून्य आला की ते कामाला लागतात. एक जरी आला तरी बिल छापायच्या आधी मला फोन करतात.